बोटांना मुंग्या येतात, तेव्हा नस नेमकी कुठे दबलेली असते?

प्रश्न थोडक्यात असा: आई ५२ वर्षांची, कोपरखैरण्यात घरीच शिवणकाम करते. तीन महिन्यांपासून रात्री उजवा हात बधिर होऊन जाग येते, झटकला की बरं वाटतं. मानेचा एमआरआय काढला, त्यात सी५-सी६ मध्ये, म्हणजे मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमध्ये, डिस्क (मणक्यांमधली गादी) फुगलेली दिसली म्हणून गळ्याला कॉलर दिली. सहा आठवडे झाले, फरक नाही. शेजारच्या काकू म्हणतात नसेवर नस चढली आहे. मेंदूपासून बोटांपर्यंत नस कशी जाते, आणि ती कुठे दबली हे कसं ओळखायचं?

आधी एक काम करा. आज रात्री आईंना जाग आली की ‘हात दुखतोय का’ असं विचारू नका. मुंग्या कोणत्या बोटांना आहेत ते विचारा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, अनामिका, करंगळी, एकेक बोट धरून. बहुतेक जण आधी ‘सगळ्याच हाताला’ म्हणतात. करंगळी वेगळी धरून पुन्हा विचारलं की मग म्हणतात, ‘नाही, हिला नाही.’ त्या एका उत्तरात अर्धं निदान असतं. ते का, हे समजायला मज्जासंस्थेचा नकाशा लागतो, म्हणून तो इथे फक्त एका हाताच्या वाटेने सांगतो.

सुरुवात ‘नस’ या शब्दापासून. आपल्याकडे या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. हातावर निळी दिसते ती रक्तवाहिनी, मूठ आवळली की मनगटावर ताठ होते ती स्नायूची दोरी म्हणजे कंडरा, आणि खोलवर असते ती खरी नस, म्हणजे मज्जातंतूंची जुडी. शाळेच्या पुस्तकात तिला चेता म्हणतात आणि संस्थेला चेतासंस्था. डॉक्टर मराठीत बोलले तर मज्जासंस्था म्हणतील. गोष्ट तीच. ही नस पोकळ नसते आणि तिच्यातून रक्तासारखं काही वाहत नाही. हजारो बारीक तंतू पांढऱ्या आवरणात एकत्र बांधलेले, असं तिचं रूप. मनगटाजवळची नस पेन्सिलीपेक्षा बारीक आणि चपटी असते, तर पायात उतरणारी सगळ्यात जाड नस अंगठ्याएवढी भरते. नसेवर नस चढत नाही. काकू ज्याला तसं म्हणतात तो बहुतेक वेळा पोटरीत किंवा मानेत आलेला स्नायूचा गोळा असतो.

आता वरून खाली येऊ. मेंदूचं वजन साधारण १,३०० ते १,४०० ग्रॅम. उजव्या हाताची हालचाल डाव्या बाजूच्या मोठ्या मेंदूतून निघते. कानाच्या वरून टाळूकडे जाणारी एक पट्टी आहे, तिच्यात हाताच्या बोटांना आणि ओठ-जिभेला जेवढी जागा दिलेली आहे तेवढी अख्ख्या पाठीलाही नाही. तिथून निघालेले तंतू मेंदूच्या देठातून खाली येतात आणि त्याच्या तळाच्या भागात, मस्तिष्कपुच्छात, बहुतेक सगळे बाजू बदलतात. स्पर्शाचे तंतू वर जाताना तिथेच बाजू बदलतात. वेदना आणि गरम-थंडाचे तंतू मात्र मेरुरज्जूत शिरल्यावर लगेचच पलीकडे जातात. मेंदूत बिघाड झाला की साधारणपणे चेहरा, हात, पाय असा एका बाजूचा मोठा पट्टा जातो. मोजक्या बोटांपुरता, रोज रात्री येणारा आणि हात झटकल्यावर जाणारा त्रास मेंदूतून येत नाही. लहान मेंदू तोल आणि हालचालीतली सफाई सांभाळतो. त्याचा इथे संबंध नाही, पुढे जाऊ.

मेरुरज्जू म्हणजे मणक्यांच्या पोकळीतली करंगळीएवढी जाड दोरी, लांबी ४२ ते ४५ सेंटीमीटर. मणक्यांचा पूर्ण कणा तिच्यापेक्षा बराच लांब असतो, कारण मोठ्या माणसात ती कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपते आणि खाली फक्त नसांच्या मुळांचा झुपका लोंबत राहतो, घोड्याच्या शेपटीसारखा. पाठीतून पाणी काढताना सुई तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मधे घालतात ती यासाठीच. तिथे दोरी नसते. ‘सुईने कायमची कंबर जाते’ ही भीती शरीररचनेला धरून नाही.

मेरुरज्जूतून डाव्या-उजव्या मिळून नसांच्या ३१ जोड्या बाहेर पडतात: मानेत ८, छातीत १२, कमरेत ५, त्रिकास्थीत ५ आणि माकडहाडाशी १. कवटीतून थेट निघणाऱ्या १२ जोड्या वेगळ्या. इथे एक गोम आहे. मानेचे मणके ७ आणि नसा ८. पहिल्या सात आपापल्या मणक्याच्या वरून निघतात, आठवी सातव्या मणक्याच्या खालून. म्हणून सी५ आणि सी६ या मणक्यांमधली डिस्क सरकली तर दबतं ते सी६ हे मूळ. रिपोर्टमधला आकडा आणि नसेचा आकडा यांची गल्लत नेहमी होते, तेव्हा हे पक्कं लक्षात ठेवा.

प्रत्येक नसेला दोन मुळं असतात. मागच्या मुळातून संवेदना आत जाते, पुढच्या मुळातून हुकूम बाहेर येतो. मागच्या मुळावर, मणक्यांमधल्या भोकाशी, एक छोटी गाठ असते. संवेदनेच्या पेशींची मूळ वस्ती त्या गाठीत असते, मेरुरज्जूच्या बाहेर. ही बारकाई वाटेल, पण तपासणीचा सगळा अर्थ पुढे या गाठीवर फिरणार आहे.

आईंच्या कामातलंच उदाहरण घ्या. गरम इस्त्रीला बोट लागलं की हात आधी मागे येतो आणि ‘आई गं’ नंतर निघतं. बोटातून गेलेली खबर मागच्या मुळाने मेरुरज्जूत शिरते आणि तिथल्या तिथे पुढच्या मुळाला हुकूम सुटतो. मेंदूला नंतर कळतं. वेदनाही दोन हप्त्यांत पोचते: आधी टोचल्यासारखी कळ, मग साधारण सेकंदभराने जळजळ. कारण तंतू दोन जातींचे आहेत. पहिली कळ मायलिनचं वेष्टण असलेले तंतू आणतात. त्यातले स्पर्शाचे जाड तंतू हातात सेकंदाला ५० ते ६० मीटर वेगाने संदेश नेतात. मनगटावर दिलेला झटका मेंदूच्या सालीवर २० मिलिसेकंदांत नोंदला जातो. वेष्टण नसलेले बारीक तंतू सेकंदाला जेमतेम एक मीटर चालतात. जळजळ त्यांची. नस दाबली गेली की पहिला मार बसतो तो जाड तंतूंच्या वेष्टणावर. म्हणून सुरुवातीला दुखण्यापेक्षा मुंग्या आणि बधिरपणाच जास्त जाणवतो.

सी५ ते टी१ (छातीतलं पहिलं) ही पाच मुळं मानेच्या बाजूच्या स्नायूंमधून निघून गळ्याच्या हाडाखालून काखेत येतात आणि वाटेत एकमेकांत मिसळतात. ठाणे स्टेशनात कसारा, कर्जत, वाशी, पनवेलचे लोक आपापल्या गाड्यांतून उतरतात आणि जिना चढून वेगळ्याच गाड्या पकडतात, तसंच काहीसं. काखेतून पुढे निघणाऱ्या नसा नव्या असतात. प्रत्येकीत एकाहून जास्त मुळांचे तंतू असतात. हातासाठी महत्त्वाच्या तीन.

मीडियन नस दंडातून, कोपराच्या पुढून, मनगटाच्या मधोमध येते आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची मधल्या बोटाकडची बाजू सांभाळते. अल्नर नस कोपराच्या आतल्या हाडामागून जाते. कोपर आपटलं की करंगळीपर्यंत करंट बसतो तो तिचाच. करंगळी आणि अनामिकेची उरलेली बाजू तिच्याकडे. रेडियल नस दंडाच्या हाडाला वळसा घालते. ट्रेनच्या सीटच्या पाठीवर दंड टाकून गाढ झोप लागली तर ही दबते आणि उठल्यावर मनगट वर उचलत नाही. मुंग्या हातामागे, अंगठ्याच्या बाजूला.

मानेतल्या मुळाचा पट्टा वेगळा असतो. सी६ म्हणजे अंगठा, तर्जनी आणि त्याबरोबर कोपराखालची हाताची बाहेरची बाजू. सी७ म्हणजे मधलं बोट. सी८ म्हणजे करंगळी आणि तिच्याकडची मनगटाची बाजू. आता फरक बघा. मानेतलं मूळ अनामिकेच्या बरोबर मधोमध रेघ मारत नाही. बोट असं उभं दुभागण्याचं काम मनगटाकडून येणाऱ्या नसाच करतात. कापसाचा बोळा घ्या, आईंना डोळे मिटायला सांगा, अनामिकेच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने हलका स्पर्श करा. एक बाजू बोथट आणि दुसरी स्वच्छ लागली, तर मानेवरचा संशय जवळपास उठतो.

दुसरी खूण स्नायूंची. अंगठ्याखालच्या उंचवट्याचे स्नायू मीडियन नसेवर चालतात, पण त्यांचे तंतू मानेच्या खालून, मुख्यतः सी८-टी१ मधून आलेले असतात. अंगठ्याच्या कातडीची संवेदना सी६ मधली. मुंग्या अंगठ्याला आणि उंचवटाही बसलेला, तर एक डिस्क हे दोन्ही करू शकत नाही. जिथे ते दोन्ही तंतू एकत्र येतात तिथेच बिघाड शोधावा लागतो, आणि ते एकत्र असतात मीडियन नसेत.

मनगटाचा बोगदा आता जवळून पाहू. तळहाताच्या मुळाशी आठ छोटी हाडं पन्हाळीसारखी बसलेली असतात आणि वरून जाड पट्टा ताणलेला असतो. त्या अरुंद जागेतून बोटं मिटणाऱ्या नऊ कंडरा आणि मीडियन नस जातात. दहा जणांत मऊ एकटी नस. मनगट सरळ असताना आतला दाब पाऱ्याच्या १० मिलिमीटरच्या आत असतो. मनगट वाकवलं, मग खाली असो की वर, की तो चढतो. ३० च्या आसपास गेला की नसेतल्या बारीक रक्तवाहिन्यांचा प्रवाह अडखळतो. झोपेत मनगट गालाखाली दुमडलं जातं आणि दिवसभर पायांत उतरलेलं पाणीही आडवं झाल्यावर हातांकडे परततं. मग पहाटे दोन-तीनला जाग. झटकल्याने मनगट सरळ होतं, दाब उतरतो, दोन-चार मिनिटांत मुंग्या जातात. रात्री उठून हात झटकणं ही या आजाराची, म्हणजे कार्पल टनल सिंड्रोमची, सगळ्यात बोलकी खूण आहे. तुमच्या प्रश्नात ती सुरुवातीलाच आहे, आणि तरी उपचार झाला मानेवर.

एक फसवी गोष्ट सांगायला हवी. मनगटात दबलेल्या नसेची कळ वर कोपरापर्यंत, कधी खांद्यापर्यंतही जाते. त्यामुळेच मानेकडे बोट दाखवलं जातं. पण बधिरपणा वर जात नाही. कोपराखालची कातडी स्वच्छ असते. तळहाताचा मांसल भागसुद्धा बहुधा वाचतो, कारण त्याची फांदी बोगद्याच्या आधीच सुटून वरून जाते.

घरी करायच्या तपासण्या अशा. कोपरं टेबलावर टेकवून दोन्ही मनगटं सैल सोडून खाली वाकू द्या आणि घड्याळ लावून ६० सेकंद थांबा. त्या आत मीडियनच्या बोटांना मुंग्या आल्या तर मनगटाकडे कौल जातो. मग तळहात आभाळाकडे ठेवून अंगठा छताकडे उभा करायला सांगा आणि तुम्ही तो खाली दाबा. डाव्या हाताशी तुलना करा. दोन्ही पंजे शेजारी ठेवून उंचवटा कडेने पाहा, एकीकडे खळगा दिसतो का. मानेसाठी: मान मागे करून उजवीकडे झुकवली असता हातात वीज उतरते का? उतरत असेल तर मुळाचा विचार करा. ट्रान्स हार्बर लोकलच्या गर्दीत उभं राहून वरची कडी धरणाऱ्यांना तर आयतीच परीक्षा मिळते. मानेतलं मूळ दबलेलं असेल तर हात वर घेतल्यावर मुळावरचा ताण सैल होतो आणि बरं वाटतं. मनगटातली नस दबलेली असेल तर हात वर धरल्यावर ऐरोली स्टेशन यायच्या आत बोटं बधिर होतात. आणि तासभर कोपर दुमडून मोबाइल कानाला किंवा डोळ्यांसमोर धरणाऱ्याला करंगळीत मुंग्या येत असतील, तर ना मान ना मनगट, दोष बहुधा कोपरामागच्या अल्नर नसेचा.

मग एमआरआयमधल्या फुगलेल्या डिस्कचं काय? पन्नाशीत काहीही त्रास नसलेल्या माणसांचा मानेचा एमआरआय काढला तरी बहुतेकांच्यात एखादी तरी डिस्क फुगलेली दिसते. एमआरआय आकार दाखवतो. तक्रार त्या आकारामुळे आहे की नाही हे तो सांगत नाही. ते बोटं सांगतात. कॉलर तर अशा त्रासात निरुपयोगीच, आणि आठवडेच्या आठवडे लावली तर मानेचे स्नायू मात्र सुस्तावतात. ज्यांनी दिली त्यांना विचारून ती बंद करायचं बघा.

खात्री करायला नसेचा वेग मोजणारी तपासणी असते, एनसीएस. बोटावर किंवा मनगटावर छोटा विजेचा झटका देतात आणि संदेश किती मिलिसेकंदांत पोचला ते मोजतात. यात अनामिकेची गंमत पुन्हा उपयोगी पडते. त्याच बोटाकडून मीडियन आणि अल्नर, दोन्हींचे संदेश सारख्याच अंतरावर मोजायचे. मीडियन अर्ध्या मिलिसेकंदापेक्षा जास्त मागे राहिली तर बोगदा अडला आहे. मुळाचा त्रास असेल तर उलटच दिसतं: बोट बधिर, पण संवेदनेचा आलेख अगदी नॉर्मल. कारण मूळ दबतं ते त्या गाठीच्या आतल्या बाजूला, आणि गाठीपासून बोटापर्यंतची तार शाबूत असते. रिपोर्टवर ‘सेन्सरी नॉर्मल’ वाचून ‘म्हणजे काहीच नाही’ असं समजू नये, ते यासाठी.

ही तपासणी बिघडते कुठे? सगळ्यात जास्त थंड हातामुळे. एसीच्या वेटिंग रूममध्ये अर्धा तास बसलेल्या माणसाची प्रत्येक नस संथ दिसते. हाताच्या कातडीचं तापमान ३२ अंशांच्या खाली असेल तर आधी हात गरम करून घ्यायला हवा. दुसरी चूक एकाच हाताची एकच नस तपासणं. दोन्ही हात आणि दोन्ही नसा पाहा म्हणून सांगा. सुईची तपासणी, ईएमजी, ताज्या दुखण्यात घाईने करू नये. स्नायूतले बदल दिसायला साधारण तीन आठवडे जातात.

रक्ताच्या तपासण्या तीन पुरेत: साखरेची तीन महिन्यांची सरासरी, थायरॉइड आणि बी१२. थायरॉइड कमी असेल तर बोगद्यातले पडदे सुजतात. मधुमेहात नस दाबाला लवकर बळी पडते. शिवाय मधुमेहाचा स्वतःचा एक वेगळा नमुना असतो: सगळ्यात लांब तंतू आधी जातात, म्हणून दोन्ही पायांची बोटं, मग पाऊल, आणि गुडघ्याजवळ पोचल्यावर कुठे हाताची बोटं सुरू होतात. मोजे-हातमोजे घातल्यासारखं. पूर्ण शाकाहारी आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) घेणाऱ्यांत बी१२ कमी असणं नवल नाही. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या ‘नसांच्या गोळ्या’ मात्र बोगदा रुंद करत नाहीत. त्यातलं बी६ मोठ्या मात्रेत महिनोन्‌महिने घेतलं तर स्वतःच नसा खराब करतं. पाकिटाच्या मागे वाचा.

स्वयंचलित मज्जासंस्था, म्हणजे घाम, नाडी, आतडी, लघवी सांभाळणारा भाग, इथे ओझरता येतो. घामाचे तंतू याच नसांबरोबर बोटांत जातात, म्हणून जुन्या त्रासात ती बोटं कोरडी पडतात आणि सुईला दोरा ओवताना कापड हातातून निसटतं.

उपचार मनगटाच्या पट्ट्यापासून सुरू होतो. दुकानातला पट्टा घेतला की आतली पत्र्याची पट्टी बाहेर काढून पाहा. बरेचदा ती २०-३० अंश मागे वाकवलेली असते. तशीच बांधली तर दाब वाढतोच. पट्टी सपाट करा, मनगट सरळ रेषेत ठेवा, बोटं मोकळी सोडा, फार आवळू नका. रोज रात्री, सहा आठवडे, एकही रात्र न चुकवता. दिवसा जाड कापड कापताना लांब पकड असलेली धारदार कात्री वापरा, वीस मिनिटांनी हात मोकळा करा. एवढ्याने भागलं नाही तर बोगद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन, आणि उंचवटा बसू लागला असेल किंवा बधिरपणा दिवसभर राहत असेल तर वाट न पाहता ऑपरेशन. वरचा पट्टा कापून बोगदा उघडतात. जागा बधिर करून, त्याच दिवशी घरी. रात्रीच्या मुंग्या बहुधा लवकर थांबतात. आतला तंतूच मेला असेल तर तो दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. मनगटापासून अंगठ्याच्या स्नायूपर्यंत सहा-सात सेंटीमीटर, म्हणजे दोन महिन्यांहून जास्त. पूर्ण सुकलेला स्नायू पुन्हा भरेलच असं नाही.

काही लक्षणं दिसली तर हे सगळं बाजूला ठेवायचं. बटणं लावता येईनाशी झाली, चालताना पाय अडखळू लागले तर मानेत मेरुरज्जूच दबत असू शकतो. तिथे तो एमआरआय खरोखर कामाचा. मांड्यांच्या मधे बधिरपणा आणि लघवी अडणं, त्याच दिवशी हॉस्पिटल. एका बाजूचं तोंड, हात अचानक गेलं किंवा बोलणं अडखळलं, तर गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनला सुरुवातीपासून साडेचार तासच मिळतात. त्यात सीटी स्कॅनचा वेळही आला आणि रस्त्यातला ट्रॅफिकही. म्हणून जिथे रात्रीही सीटी आणि हे इंजेक्शन मिळतं असं जवळचं हॉस्पिटल कोणतं, ते आधीच विचारून ठेवा.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना आईंचा उजवा पंजा कागदावर ठेवून पेनाने आखून घ्या, पुढून आणि मागून. रात्री जाग आल्यावर जिथे मुंग्या आहेत तेवढाच भाग त्यांनाच रंगवू द्या. अनामिका सावकाश, एका वेळी एक बाजू. तीन रात्रींचे तीन कागद, वर तारीख आणि वेळ. एमआरआयचं मोठं पाकीट उघडण्याआधी हे कागद टेबलावर ठेवा.